निकाल अधांतरी राहिला की कोणाचं अडतं आणि कोणाचं नाही

तुमचा प्रश्न असा आहे : निवडणुकीत कोणालाच सरकार बनवता येईना की मित्रांच्या गप्पांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "सरकार असो वा नसो, आपलं काय अडतं?" दुसरा म्हणतो, "राज्य ठप्प झालंय." यातलं खरं कोणाचं, आणि अशा गप्पांना काही अर्थ असतो का?

दोघेही खरं बोलतात, पण स्वतःपुरतं. ज्याचं काम ठरलेल्या नियमावर चालतं, त्याचं महिना-दोन महिने काहीच अडत नाही. ज्याचं काम कोणाच्या तरी निर्णयावाचून अडलेलं असतं, त्याला एकेक दिवस जड जातो. म्हणून "आपलं काय अडतं" असं कोणी म्हणालं की मी आधी बघतो, बोलणारा कोण आहे.

आमच्या कट्ट्यावर हा वाद सगळ्यात जास्त रंगला तो 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जिल्हा परिषदेच्या शाळेतला एक शिक्षक, निफाडकडचा एक द्राक्ष बागायतदार, पुण्यात कंपनीत असलेला एक जण आणि मी. शिक्षक आणि पुणेकर "काही फरक पडत नाही" या बाजूचे. बागायतदार बहुतेक वेळा गप्प, आणि बोलला की कडाडून बोलणारा.

त्या दिवसांचा हिशेब आधी मांडतो, कारण गप्पांत तारखांची फार सरमिसळ होते. 24 ऑक्टोबरला महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला. 288 च्या सभागृहात बहुमताला 145 लागतात. भाजपला 105, शिवसेनेला 56, राष्ट्रवादीला 54 आणि काँग्रेसला 44 जागा मिळाल्या. युती करून लढलेल्या पहिल्या दोन पक्षांची बेरीज 161 होते. म्हणजे मतपेटीतून आलेला कौल अधांतरी नव्हताच. मुख्यमंत्रिपदावरून युती फिसकटली आणि तो नंतर अधांतरी झाला. "लोकांनी कोणालाच निवडलं नाही" हे वाक्य मी तेव्हा रोज ऐकत होतो आणि रोज खोडत होतो. मतदाराने आपलं काम केलं होतं, त्याला दोष देण्याचं कारण नव्हतं.

पुढे 8 नोव्हेंबरला देवेंद्र फडणवीसांनी राजीनामा दिला, 9 ला जुन्या विधानसभेची मुदत संपली, राज्यपालांनी एकामागून एक पक्षांना विचारलं आणि 12 ला राष्ट्रपती राजवट लागली. 23 च्या पहाटे ती उठली आणि सकाळी राजभवनावर फडणवीसांचा पुन्हा शपथविधी झाला. 26 ला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करायला सांगितलं, त्याच दिवशी फडणवीसांनी पुन्हा राजीनामा दिला आणि 28 ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंनी शपथ घेतली.

वाहिन्यांसाठी गोष्ट तिथे संपली. ज्यांची कामं अडली होती त्यांच्यासाठी संपली नाही. त्या दिवशी ठाकरेंसोबत फक्त सहा मंत्र्यांनी शपथ घेतली होती. मंत्रिमंडळ विस्तार झाला 30 डिसेंबरला, आणि जिल्ह्यांना पालकमंत्री मिळाले ते जानेवारी 2020 मध्ये. जिल्हा नियोजन समितीची बैठक पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते. त्यामुळे गावाकडच्या रस्त्याचा किंवा बंधाऱ्याचा विचार करणाऱ्याला निकालापासून मोजायचं तर दोन महिन्यांहून अधिक काळ विचारायला नेमका माणूस नव्हता.

तरीही "राज्य ठप्प" म्हणणं चूक होतं, आणि ते का चूक होतं हे समजून घेण्यासारखं आहे. राज्याचा अर्थसंकल्प त्याच वर्षी निवडणुकीआधीच मंजूर झाला होता. विधिमंडळाने एकदा खर्चाला मंजुरी दिली की ती 31 मार्चपर्यंत चालते. मुख्यमंत्री कोण आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. म्हणून शिक्षकाचा पगार झाला, निवृत्तिवेतन जमा झालं, रेशन दुकानात धान्य आलं, एसटी धावली, तलाठी कार्यालय उघडं राहिलं. राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांच्या हाताखाली सचिव आणि जिल्हाधिकारी तेच काम करत राहतात. ही व्यवस्था इतकी मुरलेली आहे की ती दिसतही नाही, आणि ज्याला ती दिसत नाही त्याला वाटतं मंत्री असले काय, नसले काय, सारखंच. पुण्याचा मित्र हेच म्हणायचा. त्याच्या जगण्यात तेव्हा खरोखर काही हललं नव्हतं.

बागायतदाराचं काय झालं बघा. ऑक्टोबरच्या शेवटी अवकाळी पाऊस झाला. फुलोऱ्यातल्या द्राक्षांचे घड कुजले, गळ झाली, काढलेला मका आणि सोयाबीन भिजलं. पंचनामे सुरू झाले, कारण तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक जागेवर होते. तेवढं काम नियमाने चालत होतं. 2 नोव्हेंबरला 10,000 कोटींच्या मदतीची घोषणाही झाली. पण हेक्टरी किती द्यायचे, हा निर्णय आहे. तो 16 नोव्हेंबरला राजभवनातून आला : खरीप पिकांना हेक्टरी 8,000 रुपये, फळबागा आणि बारमाही पिकांना हेक्टरी 18,000, आणि तेही दोन हेक्टरपर्यंत. फळबागेचा हिशेब एकराला सात हजारांच्या जरा वर जातो. द्राक्षाच्या एका एकराला हंगामात लाखाच्या वर खर्च येतो, हे बाग धरणाऱ्या कोणालाही विचारा.

मदत कमी होती, पण त्याच्या मनाला ते तितकं लागलं नव्हतं. ती कमी आहे हे कोणाला सांगायचं, याचं उत्तर त्याला मिळत नव्हतं. कृषिमंत्री नव्हता. त्याने मत दिलेला आमदार निवडून आला होता, पण आमदारांचा शपथविधी झाला तो थेट 27 नोव्हेंबरला. एक महिन्याहून अधिक काळ राज्यात 288 निवडून आलेले लोक होते आणि प्रश्न विचारायला सभागृह नव्हतं. सभागृहात प्रश्न निघाला की आकडा वाढतोच असं नाही, पण आकडा कसा ठरवला याचा खुलासा सरकारला करावा लागतो. तो खुलासा मागण्याची जागाच तेव्हा बंद होती. माझ्या मते अधांतरी निकालाचं खरं नुकसान हेच. पैसा थांबत नाही, पण जाब विचारायची सोय थांबते.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. मंत्रालयातल्या मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता कक्षातून गरीब रुग्णांना मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मदत मिळते. ती मदत मुख्यमंत्री सहायता निधीतून येते. मुख्यमंत्रीच नाही म्हटल्यावर राष्ट्रपती राजवट लागताच त्या कक्षाचं काम थांबलं आणि अर्ज केलेल्या नातेवाइकांना मंत्रालयातून रिकाम्या हाताने परतावं लागलं. त्याच दिवसांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मात्र सुरू होती, कारण ती शासन निर्णयाने चालणारी योजना आहे. कोणते आजार बसतात, कोणती रुग्णालयं आहेत, पैसे कसे द्यायचे, सगळं आधीच ठरलेलं. दोघे रुग्ण सारखेच गरीब, सारखेच आजारी. एकाचा आजार योजनेच्या यादीत होता म्हणून त्याला सरकारची गैरहजेरी जाणवली नाही. दुसऱ्याचा नव्हता, तर त्याच्यासाठी सरकार म्हणजे एक सही होती आणि ती करणारा कोणी नव्हता. हे कळल्यावर शिक्षक मित्राने आपलं म्हणणं सोडून दिलं. त्याला पटवून सांगावं लागलं नाही.

गप्पांत कोणीतरी बेल्जियमचा दाखला देतंच, आमच्याकडेही दिला गेला. 13 जून 2010 च्या निवडणुकीनंतर तिथे नवं सरकार यायला 541 दिवस लागले आणि तरी देश चालला, हे खरं आहे. पण तिथे शाळा, सार्वजनिक वाहतूक, संस्कृती असे कितीतरी विषय प्रादेशिक आणि भाषिक सरकारांकडे होते आणि ती सरकारं पूर्ण अधिकाराने काम करत होती. केंद्रात काळजीवाहू सरकार होतं, त्याला मर्यादित खर्चाची मुभा होती. म्हणजे "सरकारशिवाय देश चालला" असं नाही, एक सरकार नव्हतं आणि बाकीची होती. आणि शेवटी झळ बसलीच : नोव्हेंबर 2011 मध्ये स्टँडर्ड अँड पुअर्सने बेल्जियमचं पतमानांकन घटवलं आणि पुढच्या काही दिवसांत अडकलेली बोलणी मार्गी लागली.

यावरून एक गोष्ट मला तीव्रपणे वाटते, प्रश्नाच्या थोडी बाहेरची असली तरी. विधानसभेत महिनाभर सरकार नाही म्हणून आपण रात्री जागून बातम्या बघतो. पण मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होता. राज्यातल्या इतर अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांचीही तीच गत झाली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुकाच लांबल्या. इथे तर निकाल अधांतरी राहायला मतदानच झालं नव्हतं. गल्लीतलं तुंबलेलं गटार, बंद पडलेला दिवा, पाण्याची वेळ या गोष्टी रोज समोर येतात आणि त्या सांगायला नगरसेवक नव्हता. अधिकारी चांगला असेल तर काम होतं. नसेल तर पुढच्या निवडणुकीत त्याला धडा शिकवता येत नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीवर आमच्या कट्ट्यावर, तुमच्या कट्ट्यावर, कितीशा गप्पा झाल्या? माझ्या ऐकण्यात फारच थोड्या.

आता गप्पांना अर्थ असतो का, याबद्दल. असतो, पण कोण मुख्यमंत्री होणार या अंदाजांना नाही. 22 नोव्हेंबरच्या रात्री आम्ही छातीठोकपणे जे बोललो ते सकाळी आठला खोटं ठरलं होतं, आणि ते राज्यातल्या जवळपास सगळ्यांचंच ठरलं. अंदाज बांधण्यात मजा आहे, ती घ्यावी. पण तटावरून भांडण व्हायला लागलं की विषय वळवायचा एक साधा प्रश्न आहे : "तुझं नेमकं काय अडलंय?" हा प्रश्न विचारला की पक्ष बाजूला राहतो. कोणाची बदली अडलेली असते, कोणाचं केलेल्या कामाचं बिल, कोणाच्या मुलीच्या नोकरभरतीची जाहिरात. मग कळतं की यातलं काय सरकार आल्याशिवाय हलणार नाही आणि काय आजही हलू शकतं.

आमच्या बागायतदाराच्या बाबतीत पावसाच्या त्याच दिवसांत हेच झालं. मदतीचा दर त्याच्या हातात नव्हता. पण पीक विम्याचे तेव्हाचे नियम सरकार असो-नसो तेच होते : काढून ठेवलेलं पीक अवकाळी पावसाने भिजलं तर 72 तासांच्या आत कळवावं लागायचं. त्याच्या मक्याचा विमा होता आणि सगळं लक्ष बागेकडे असल्यामुळे हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. शिक्षक मित्राला नियम माहीत होता, कारण शाळेतल्या पालकांचे अर्ज भरायला तो नेहमी मदत करायचा. गप्पा अर्ध्यावर टाकून दोघे फॉर्म भरायला उठले. मुदत संपायला तेव्हा एक रात्र उरली होती.