डोळ्याची नस रक्तपुरवठा कमी झाल्याने सुजली आहे. स्टिरॉइड घ्यावं का? नजर परत येईल का?

तुम्ही लिहिलंय की वडील 62 वर्षांचे आहेत, मधुमेह आणि बीपी दोन्ही आहे. परवा झोपेतून उठल्यावर डाव्या डोळ्याने खालचा अर्धा भाग काळसर दिसू लागला, दुखत मात्र नाही.

स्टिरॉइडचं ठरवण्याआधी आजच्या आज ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) आणि प्लेटलेटसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या. या आजाराचे (इस्केमिक ऑप्टिक न्यूरोपॅथी) दोन प्रकार आहेत. पहिला साधा, त्याबद्दल पुढे सांगतो. दुसऱ्या प्रकारात डोक्यातल्या धमन्यांनाच सूज येते (जायंट सेल आर्टरायटिस). आपल्याकडे तो कमी दिसतो, म्हणूनच नजरेतून सुटतो. वडिलांना नीट विचारा: घास चावताना जबडा भरून येतो का, कंगवा फिरवताना डोक्याची कातडी दुखते का, कानशिलाजवळ नवीन डोकेदुखी सुरू झाली आहे का, वजन उतरलंय का. यातलं काही असेल किंवा ईएसआर-सीआरपी बरेच वाढलेले असतील, तर दुसरा डोळा काही दिवसांत जाऊ शकतो. तिथे शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, साधारण रोज 1 ग्रॅम असं 3 दिवस, लगेच सुरू करतात. कानशिलाच्या धमनीची बायोप्सी नंतर झाली तरी चालते, औषध तिच्यासाठी थांबवायचं नसतं.

तुमच्या वर्णनावरून पहिला, साधा प्रकार जास्त संभवतो. नसेच्या टोकाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांतला प्रवाह मंदावतो आणि तंतू सुजतात. ज्यांच्या नसेचं तोंड जन्मतःच लहान आणि भरगच्च असतं, त्यांच्यात सुजेला पसरायला जागा नसते. मग सुजलेले तंतू एकमेकांना दाबतात आणि रक्त आणखी अडतं. दुसऱ्या डोळ्याची नस तशीच भरगच्च आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

या प्रकारात स्टिरॉइडने नजर नक्की सुधारते असा भक्कम पुरावा नाही, आणि मधुमेह्यात साखर हमखास चढते. मी तरी त्यासाठी आग्रह धरणार नाही. नसेभोवतीचं आवरण उघडण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत मोठ्या चाचणीत तपासली गेली. 1995 साली निष्कर्ष आला की उपयोग नाही, उलट नुकसान होऊ शकतं. त्याच चाचणीत काहीही न केलेल्यांपैकी सुमारे 43 टक्के लोकांची नजर 6 महिन्यांत तक्त्यावर 3 किंवा जास्त ओळींनी सुधारली होती. म्हणजे आशा आहे, पण खालची काळी पट्टी बहुधा पूर्ण जात नाही.

खरी मेहनत दुसऱ्या डोळ्यासाठी करायची आहे. 5 वर्षांत त्याला हाच त्रास होण्याची शक्यता साधारण 15 टक्के असते. बीपीची गोळी रात्री झोपताना घेतात का ते बघा. पहाटे बीपी फार खाली गेल्याने नसेला रक्त कमी पडत असावं, असा दाट संशय आहे. गोळी स्वतः बंद करू नका, फिजिशियनकडून वेळ बदलून घ्या. शक्य असेल तर 24 तासांचं बीपी मोजून घ्या. वडील जोरात घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल, तर स्लीप स्टडी टाळू नका. झोपेतल्या श्वासरोधाचा या आजाराशी घट्ट संबंध आढळतो आणि हाच भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. सिल्डेनाफिलसारख्या (लैंगिक ताठरतेसाठीच्या) गोळ्या बंद ठेवलेल्या बऱ्या. ॲमिओडॅरोन (हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचं औषध) किंवा सेमाग्लुटाइड (मधुमेह आणि वजनासाठीचं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. डोळ्याच्या नसेचा हा आजार सेमाग्लुटाइडचा अत्यंत दुर्मिळ दुष्परिणाम म्हणून युरोपच्या औषध नियामकाने 2025 मध्ये नोंदवला आहे.

फिल्ड टेस्ट (नजरेचा कुठला भाग दिसत नाही ते पाहणारी तपासणी) आणि नसेचा ओसीटी (प्रकाशाने केलेला स्कॅन) आत्ता करून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल. सूज साधारण 6 ते 8 आठवड्यांत उतरते आणि नस फिकट पडते. दोन महिन्यांनंतरही सूज तशीच असेल, किंवा नजर घसरतच राहिली, तर निदानच वेगळं असू शकतं. मग डोळ्यांच्या खोबणीसह मेंदूचा एमआरआय करायला हवा.