स्कॅन कराच, पण आधी पॉलिसीचं पाकीट शोधा

प्रश्न: माझे मिस्टर ५७ वर्षांचे. गेल्या वर्षी तडकाफडकी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ४२ लाख मिळाले, पेन्शन ३४ हजार. स्मरणशक्ती ठीक आहे, पण स्वभाव पार बदललाय. कुणालाही पैसे देतात. एमआरआयनंतर डॉक्टरांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचा (मेंदूचा पुढचा भाग झिजून स्वभाव बदलणाऱ्या आजाराचा) संशय आहे. पेट स्कॅनला वीसेक हजार लागतील. २ लाखांची एफडी मोडू का? बँकेतल्या ओळखीच्या माणसाने त्यांना तीन पॉलिसी दिल्यात, दोन गेल्या वर्षी, एक गेल्या पंधरवड्यात. प्रत्येकी वर्षाला ३ लाख, दहा वर्षं. 'एकदाच भरायचे' असं सांगितलं होतं. सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. मुलगा म्हणतो, मुखत्यारपत्र करून ठेवू.

उत्तर: ताई, मोडा. दंड एक टक्का धरला तरी दोनेक हजार जातील.

मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतोय, ते या स्कॅनमध्ये दिसतं. कपाळामागचा आणि कानशिलाकडचा भाग मंदावला असेल तर डॉक्टरांच्या संशयाला बळ मिळतं. मागच्या बाजूचा असेल तर अल्झायमरकडे बोट जातं. एमआरआय सुरुवातीला फसवू शकतो. आणि फरक औषधाला पडतो: अल्झायमरवरची डोनेपेझिल ही गोळी फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात कामाची नाही, वागणं आणखी बिघडूही शकतं. आजार बरा करणारं औषध मात्र आज नाही.

आता न विचारलेलं. वर्षाला ९ लाख हप्ता, पेन्शन ४ लाख. दहा वर्षांत ९० लाख भरायचे, आणि मिळाले होते ४२! याला विक्री म्हणायचं?

तिसरी पॉलिसी आजच परत करा. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. अर्जावर सही मिस्टरांचीच लागेल. पहिल्या दोन्हींचा पुढचा हप्ता भरू नका. कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी नाही. काहीच झालं नाही तर वर्ष पूर्ण झाल्यावर सरेंडर करा, म्हणजे पॉलिसी बंद करून मिळतील ते पैसे घ्या. तोटा होईल, पण पुढचे ५४ लाख तरी वाचतील.

तक्रारीत 'त्यांना कळत नव्हतं' असं लिहू नका. 'एकदाच भरायचे म्हणून खोटं सांगितलं' एवढंच लिहा, उत्पन्नाचा आकडा जोडा. कारण सगळं मिस्टरांच्या एकट्याच्या नावावर आहे, तेव्हा त्यांच्याकडून तुम्हाला आता मृत्युपत्रही करून घ्यायचंय. एकीकडे कळत नव्हतं आणि दुसरीकडे पूर्ण कळतंय, हे दोन्ही चालणार नाही. नुसत्या स्कॅनवरून समज गेली असं ठरत नाही. समज आहे असं डॉक्टरांचं पत्र मृत्युपत्रासोबत ठेवा.

मुलाच्या मुखत्यारपत्रावर भिस्त नको. देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. त्यापेक्षा त्यांना समजतंय तोवर खाती आणि एफडी तुमच्यासोबत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणालाही चालवता येतील अशी) करा, नॉमिनी तपासा. रोजच्या खर्चाला वेगळं छोटं खातं ठेवा, त्याचंच कार्ड त्यांच्याकडे राहू द्या.

यातलं काहीही स्कॅनच्या रिपोर्टसाठी थांबवू नका. तिसऱ्या पॉलिसीचं पाकीट कुठल्या तारखेला आलं, ते आधी शोधा.