रोज प्रार्थना होते, पण मनातून कृतज्ञता येत नाही. ख्रिस्ती माणसाने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सकाळ-संध्याकाळची प्रार्थना होते, बायबलवाचन चुकत नाही, रविवारची उपासनाही सुटत नाही. पण 'प्रभू, तुझे आभार' म्हणताना मन कोरडंच राहतं. मुलांना ही सवय कशी लावावी, हेही विचारलंय.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपले आभार फार ढोबळ असतात, म्हणून कोरडे वाटतात. 'सर्व आशीर्वादांबद्दल धन्यवाद' यात मनाला धरायला काही सापडतच नाही. तेव्हा भावना दाटून येण्याची वाट बघू नका, एकेक उपकार नाव घेऊन सांगायला लागा.

नमुना हवा तर बायबलातलं स्तोत्र १३६ उघडा. २६ वचनं, आणि प्रत्येक वचनाला पालुपद एकच: त्याची दया सनातन आहे. आकाश, सूर्य-चंद्र, दुभंगलेला तांबडा समुद्र, पाडलेले राजे, असं सगळं भव्य चाललेलं असतं. आणि २५व्या वचनात साधीच गोष्ट येते, की तो सगळ्या प्राणिमात्रांना अन्न देतो. समुद्राला जे पालुपद, तेच घासालाही. मी अधूनमधून याच चालीवर माझ्या ओळी जोडते: 'मी तोडून बोलले, तरी समोरच्याने आवाज चढवला नाही, तुझी दया सनातन आहे. रात्री आईचा ताप उतरला, तुझी दया सनातन आहे. हरवलेली किल्ली कोटाच्या खिशातच निघाली, तुझी दया सनातन आहे.' किल्लीपाशी आल्यावर हसू येतं. येऊ द्यावं, प्रार्थनेत हसायला बंदी नाही.

वहीत लिहीत असाल तर एक पथ्य पाळा: देवाला उद्देशून लिहा. 'शांत झोप लागली' ही नुसती नोंद होते. 'तू मला झोप दिलीस' असं लिहिलं की समोर कुणीतरी येतं, आणि भक्तीला समोर कुणीतरी लागतंच.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी आठवत असतील. येशूने याजकांकडे जायला सांगितलं, दहाही जण निघाले आणि वाटेत शुद्ध झाले. त्यातल्या नऊ जणांना आपण प्रवचनांतून उगाच फार झोडपतो. त्यांनी तर सांगितलेलंच केलं होतं! बाकीचे कुठे आहेत, असं येशूने विचारलं खरं, पण त्यांचं बरं होणं काढून घेतल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आभार मानायला परत आला तो एक शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका माणूस, मोठ्याने देवाचा गौरव करत. तुमची वाचन-प्रार्थनेची शिस्त त्या नऊ जणांसारखी आहे. ती मोडू नका, दिवसात मागे वळायला एक जागा तेवढी ठेवा.

मला ती जागा रात्री सापडते. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस यांचं 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक १५४८ मध्ये छापलं गेलं. त्यात दिवसाच्या परीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत आणि पहिलीच पायरी आहे मिळालेल्या उपकारांबद्दल आभार. पापांचा हिशेब त्यानंतर. कॅथलिक नसलात तरी हा क्रम उचलण्यासारखा आहे. आपण बहुतेक जण रात्री स्वतःच्या चुका उगाळत बसतो आणि झोप आली की आभार घाईने उरकतो. आधी उपकार आठवले की त्याच चुका प्रेम करणाऱ्या देवापुढे मांडल्या जातात, भीती बरीच कमी होते.

दिवसभराच्या कामात भक्ती कशी टिकवायची, हा प्रश्नही यात दडलेला आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट (एका कॅथलिक संन्यासी संघाच्या) मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू होते. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता आणि ते काम त्यांना स्वभावतः मुळीच आवडत नव्हतं. तरी भांड्यांच्या गोंगाटातही, वेदीपुढे गुडघे टेकल्यासारखंच, देवाच्या सान्निध्यात राहायचा सराव त्यांनी केला. नावडतं काम हातात असताना एक वाक्य देवाशी बोलायचं, लक्ष भरकटलं तर स्वतःवर न चिडता पुन्हा बोलायचं. पद्धत एवढीच, पण ती अंगवळणी पडायला वर्षं जातात.

आता दुःखाचं. मनात शोक असेल तर ओढूनताणून आभार मानू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थना म्हणूनच बायबलात आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात येशू त्याचा मित्र लाजर याच्या मरणाने रडला. मग कबरेवरची धोंड बाजूला केल्यावर, लाजर अजून आतच असताना, 'तू माझं ऐकलंस' म्हणून त्याने पित्याचे आभार मानले. मरण चांगलं झालं, असं तो म्हणाला नाही. म्हणून दुखावलेल्या माणसाला 'यातही देवाचे आभार मान' असं सुनावणारे मला मुळीच पटत नाहीत. कोरडेपणा फार लांबला, झोप आणि भूकही गेली, तर पाळकांशी किंवा फादरांशी बोला आणि डॉक्टरांनाही दाखवा. हे विश्वास कमी असल्याचं लक्षण मानू नका.

मुलांचं म्हणाल तर 'थँक्यू जीझस म्हण' असं त्यांच्यामागे लागू नका. जेवणाआधीच्या पाठ प्रार्थनेत त्या दिवसाची एक खरी गोष्ट तुम्ही स्वतः घाला, शक्यतो त्यांच्याबद्दलची: 'आज हिने न सांगता भांडी घासली, तिच्याबद्दल तुझे आभार.' मुलं कान टवकारतात. काही दिवसांनी एखादं मूल आपणहून काहीतरी जोडेल, बहुधा कुत्र्याबद्दल किंवा रद्द झालेल्या परीक्षेबद्दल. तेही चालवून घ्या, दुरुस्त करायला जाऊ नका.