रोज हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत डोकं ठणकतं. मायग्रेन आहे का? डॉक्टरकडे कधी धावायचं?

जिना चढताना काय होतं ते आठवा. ठणका वाढतो, बहुधा एकाच बाजूला घण पडतात, मळमळतं, उजेड नकोसा होतो? मग मायग्रेनची शक्यता जास्त. औषधाविना ४ ते ७२ तास टिकतं. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दोन्हीकडे दुखतं, जिन्याने फरक पडत नाही, ती ताणाची डोकेदुखी. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस पॅरासिटामॉल चालू राहिलं, तर काही महिन्यांत गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवते. तारखा कॅलेंडरवर लिहा.

मिनिटभरात शिगेला पोचलेली कळ, तापासोबत आखडलेली मान, वाकडं तोंड, अडखळती जीभ, दुचाकीवरून पडल्यावर वाढत जाणारं दुखणं (हेल्मेट असलं तरी): सकाळची वाट बघू नका, लगेच १०८ लावा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं, तर तेही त्याच आठवड्यात दाखवा.