ऑर्ग-मोडमध्ये कामाचा वेळ नोंदवताना
ईमॅक्स या मजकूर-संपादकातील ऑर्ग-मोड, म्हणजे साध्या मजकुरात टिपणे आणि कामांच्या याद्या ठेवण्याचे साधन, आपण नुकताच वापरू लागला असाल, तर आरंभी वेळेच्या नोंदीवरच लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन. कार्स्टन डॉमिनिक यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या या साधनात प्रत्येक काम एका मथळ्याखाली लिहितात; त्या मथळ्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आय दाबले की घड्याळ सुरू होते, याच क्रमात शेवटी कंट्रोल-आयऐवजी कंट्रोल-ओ दाबले की थांबते, आणि दुसऱ्या कामाचे घड्याळ सुरू करताच पहिले आपोआप बंद होत असल्याने एकच वेळ दोन कामांच्या नावे पडत नाही. नोंद साध्या मजकुरात असल्याने ती हाताने दुरुस्त करता येते. मात्र त्यानंतर त्या ओळीवर कंट्रोल-सी दोनदा दाबून कालावधी नव्याने मोजून घ्यावा. मथळे फार बारीक पाडू नयेत. प्रत्येक कामाचा अंदाजित वेळ मात्र आधीच लिहावा, कारण आठवड्याअखेरीस क्लॉक टेबलमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या वेळेच्या तक्त्यात, त्याचा स्तंभ जोडून अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ शेजारीशेजारी पाहिल्यावरच पुढचे नियोजन वास्तवाला धरून होते. घड्याळ चालू ठेवून उठण्याची सवय असेल, तर निष्क्रिय वेळेची मर्यादा मिनिटांत ठरवून द्यावी, म्हणजे परतल्यावर मधला वेळ ठेवायचा की वगळायचा, हे ऑर्ग-मोड स्वतःच विचारतो.