हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीत काही नवऱ्यांना 'अंतराळवीर' का म्हणतात?

हा शब्दखेळ आहे. 'थाय-हुंग-यान' म्हणजे अंतराळवीर. पण 'थाय' म्हणजे बायकोही आणि 'हुंग' म्हणजे रिकामं. थोडक्यात, ज्याचं घर बायकोविना रिकामं, तो! १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार म्हणून कितीतरी कुटुंबं आधीच व्हँकूवर, टोरांटो, सिडनीला गेली. पासपोर्टची सोय झाली, पण तिकडे हाँगकाँगसारखी कमाई होईना. मग बायकोमुलांना तिथेच ठेवून बरेच नवरे परत आले. सारखे विमानात, त्यामुळे नाव आणखीच चपखल.

याहून जुना शब्दप्रयोग 'माय-च्यू-चाय' (डुकराची पिल्लं विकणं) मात्र कडवट. एकोणिसाव्या शतकात क्यूबा, पेरूला फसवून नेऊन पिल्लांसारखं विकलेल्या मजुरांवरून तो आला. आज मिनीबसवाल्याने मध्येच उतरवून दुसऱ्या गाडीत कोंबलं, तरी लोक हेच म्हणतात.