शील्ड लावायच्या आधी
अगं, बाळाला पाजताना शील्ड (निप्पलवर बसवायची मऊ सिलिकॉनची टोपी) लावावी लागतेय म्हणून रडू नकोस. धाकटीच्या वेळी मीही तीन आठवडे लावली होती. आधी माप बघ. १६, २०, २४ मिमी अशी मिळते. मेडिकलवाल्याने मला दिलेली पहिली चक्क मोठी निघाली. कोमट पाण्यात ओली कर, कडा अर्धी उलटव, मधोमध ठेवून सोड, म्हणजे निप्पल आत ओढलं जातं. कापलेली बाजू बाळाच्या नाकाकडे. पाजून झाल्यावर शील्डच्या टोकात दूध दिसायला हवं. पाचव्या दिवसानंतर रोज सहा तरी लंगोट ओले होतायत ना, मोज (सासूबाई हसल्या तरी!) आणि वजन करत राहा. शील्ड सोडवायची घाई भुकेल्या बाळावर नको. अर्धं पिऊन पेंगुळलं की हळूच काढून बघ.